भावोजींच्या संगणकावरच्या जाहिराती

८ जानेवारी

प्रिय भुंग्या,

माझं पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. मावशी गेली तेव्हापासून आपण एकमेकांना साधं 'कशी आहेस, कसा आहेस' विचारलेलं नाही, आणि आता लिहितेय तेही काम निघालं म्हणून. गरज सरो नि मावसभाऊ मरो, असं मात्र म्हणू नकोस. गरज अजून सरायची आहे.

काम असं. ह्यांच्या संगणकावर गाण्यांचं एक ॲप आहे. लिफ्टा दुरुस्त करत गावभर हिंडायचे तेव्हापासून ह्यांनी त्यात याद्या करून ठेवल्यात. कुठली यादी कितव्या ओळीला आहे ते ह्यांच्या बोटांना पाठ आहे. गेल्या मार्चमध्ये मेंदूत गुठळी झाली ते तुला कळलंच होतं. आता बरे आहेत. डॉक्टर समाधानी आहेत. उजवा हात अजून आळशीपणा करतो, पण डाव्याने माऊस झकास चालवतात आणि दिवसभर गाणी ऐकत बसतात.

अडचण आहे ती जाहिरातींची. पडद्याच्या कडेला एक चौकोन सारखा हलत असतो, आणि दोन-तीन गाणी झाली की मधेच कुणीतरी मोठ्यांदा बोलायला लागतं. तेवढ्या वेळात हे अगदी बेचैन होतात. टेबलावर थापा मारतात, चेहरा लाल होतो, घशातून हुंकार काढतात. जाहिरात संपली की गप्प. मी शेजारच्याच टेबलावर कवळ्या बनवत असते. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, मी मेणात एकेक दात बसवते. ऐन वेळी थाप पडली की माझा हात हलतो आणि कुणाचा तरी सुळा वाकडा बसतो. परवा एक कवळी परत आली. त्या माणसाला ती घालून तोंडच मिटता येईना.

तू मागे जेवताना सांगत होतास की तू एक फाईल केली आहेस, दोनदा टिचकी मारली की असल्या जाहिराती जातात, आणि कुठून कुठून लोक ती तुझ्याकडून घेतात. मला देशील का?

फोन करू नकोस. घंटी वाजली की हे दचकतात. इथेच मेलवर लिही.

तुझी,
ताई


११ जानेवारी

ताई,

भावोजी बरे आहेत हे वाचून बरं वाटलं. मी येऊन जायला हवं होतं, नाही जमलं.

मी हल्ली एका गोदामाच्या कचेरीतले संगणक सांभाळतो. म्हणजे दिवसभर लोकांना सांगतो, 'बंद करून परत चालू करा.' ते म्हणतात, 'केलं.' आणि केलेलं नसतं. घरी आल्यावर पडद्याकडे बघायची इच्छा राहत नाही, म्हणून उत्तराला दोन दिवस लागले.

फाईल सोबत जोडली आहे. हिला बॅच फाईल म्हणतात. संगणकाला द्यायच्या हुकमांची चिठ्ठी समज. तो वरून खाली एकेक ओळ वाचतो आणि सांगितलं तेवढंच करतो, स्वतःचं डोकं चालवत नाही. ही फाईल आधी ते ॲप बंद करते. मग ज्या कप्प्यात ते जाहिराती आणून साठवतं तो कप्पा फेकून देते. आणि त्याच नावाची एक रिकामी, कुलूप लावलेली फाईल तिथे ठेवते, म्हणजे ॲपला पुन्हा तो कप्पा करता येत नाही. खुर्चीवर दगड ठेवला की कुणाला बसता येत नाही, तसं.

चालवताना साधी टिचकी मारू नकोस. माऊसचं उजवं बटण दाब, 'ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा' असं येईल ते निवड.

खरं तर ॲपवाल्यांना महिन्याचे थोडे पैसे दिले की तेच जाहिराती बंद करतात. भावोजींच्या खात्यातून भरून टाक. ते सगळ्यात सोपं.

भुंग्या


१२ जानेवारी

भुंग्या,

केलं. (खरंच केलं.) एक काळी खिडकी उघडली आणि दिसते न दिसते तोच मिटली. मग संध्याकाळपर्यंत एक बाई केस गळण्याबद्दल बोलत होती.

काय चुकलं?

ताई


१४ जानेवारी

ताई,

ती खिडकी जाता जाता काहीतरी सांगून गेली असणार. मी शेवटी एक ओळ घातली आहे, आता तू बटण दाबेपर्यंत ती थांबेल. आत काय लिहून येतं ते जसंच्या तसं मला कळव. 'काहीतरी इंग्रजी आलं' असं लिहू नकोस. ते मी दिवसभर ऐकतो.

भुंग्या


१५ जानेवारी

भुंग्या,

जसंच्या तसं कळवते. ती म्हणते की तिला सांगितलेली वाट सापडत नाही. खाली ती वाट लिहिली आहे, आणि तिच्यात मधेच, जिथे ह्यांचं नाव हवं, तिथे नुसती प्रश्नचिन्हं आहेत. संगणक घेतला तेव्हा ह्यांनी हौसेने खात्याला मराठीत 'लिफ्ट मास्तर' असं नाव दिलं होतं. त्याचा काही संबंध आहे का?

तू वैतागला आहेस का? तसं असेल तर राहू दे.

ताई


१९ जानेवारी

ताई,

संबंध आहे. दोन घोटाळे होते. एक म्हणजे 'लिफ्ट' आणि 'मास्तर' यांच्यामधली मोकळी जागा. संगणकाला वाटलं वाट 'लिफ्ट'पाशीच संपली. दुसरं म्हणजे त्या काळ्या खिडकीला मराठी अक्षरं ओळखता येत नव्हती. आता मी नावच काढून टाकलं. फाईल आता 'या घरात जो कोण राहतो त्याचं कपाट' असं म्हणते आणि सरळ तिथे जाते.

तुझ्या संगणकावरचा अँटिव्हायरस, म्हणजे विषाणू अडवणारा पहारेकरी, ही फाईल चोर समजून उचलून नेईल. नेली तर त्याच्या कोठडीतून 'परवानगी द्या' म्हणून सोडवून आण.

वैतागलेला मी नेहमीच असतो. तुझ्यावर नाही.

भुंग्या


२२ जानेवारी

भुंग्या,

पहारेकऱ्याने दोनदा नेली, दोनदा सोडवली. आता फाईल वाट शोधते, पण म्हणते की कप्पा वापरात आहे, टाकता येत नाही. मी ॲप बंद केलं होतं, कोपऱ्यातली फुली मारून. एकदा संगणकच बंद करून परत चालू केला. तेच.

आज टेबलावर सहा जबडे पडलेत आणि एकही धड झालेला नाही. ह्यांनी सकाळपासून इतक्या थापा मारल्या की पाण्याचा पेला खाली आला. मी ओरडले. ओरडायला नको होतं.

ताई


२६ जानेवारी

ताई,

फुली मारली तरी ॲप मरत नाही, खाली घड्याळाशेजारी लपून बसतं. फाईलनं त्याला तिथून काढायला हवं, पण ह्या नव्या आवृत्तीत त्यांनी जोडीला आणखी एक राखणदार ठेवलेला दिसतो. ठिगळं लावत बसण्यापेक्षा ॲपचं सगळं सामानच पुसून कोरं करू. सोबतची फाईल तेच करते. मधे ती विचारेल, 'लॉगिनही पुसलं जाईल, पुढे जायचं का?' तेव्हा वाय हे अक्षर दाब. मग भावोजींना पासवर्ड विचार आणि परत आत शीर. याद्या कंपनीकडे असतात, त्या परत येतील.

आणि पैसे भरायचं काय झालं? मी सुचवलं होतं, तू उत्तर दिलं नाहीस. दोन घोट चहाच्या किमतीसाठी आपण तीन आठवडे झगडतोय.

भुंग्या


३ फेब्रुवारी

भुंग्या,

वाय दाबलं नाही. ती खिडकी प्रश्न विचारून थांबली होती, मी तिच्यासमोर बराच वेळ बसले आणि मग तशीच मिटून टाकली.

'भावोजींना पासवर्ड विचार' असं तू अगदी सहज लिहिलंस. त्यात तुझी चूक नाही. मीच तुला काही सांगितलेलं नाही.

हे बोलत नाहीत. गेल्या मार्चपासून एक शब्द नाही. आपण बोलतो ते समजतं, हसण्यासारखं असलं तर हसतात, पण शब्द बाहेर येत नाही. लिहिताही येत नाही. कागद दिला तर एकच रेघ गिरवत राहतात आणि मग पेन्सिल माझ्या हातात देतात, अगदी शांतपणे, दुकानदाराने मोड परत द्यावी तशी. सकाळी वाचा शिकवायला एक बाई येतात. त्या वेळी मी तयार कवळ्या पोचवायला बाहेर पडते. खरं सांगायचं तर त्या वेळी मला घरात थांबवत नाही.

पासवर्ड ह्यांच्या डोक्यात आहे. नवा मागितला तर तो ह्यांच्या लिफ्ट कंपनीच्या मेलवर जातो, आणि नोकरी संपली त्याच दिवशी तो मेल बंद झाला. पैसे भरायलाही तोच पासवर्ड लागतो. ॲपवाल्यांना मी सगळी हकीकत लिहिली. उत्तर आलं, 'खातेदाराने कृपया स्वतः संपर्क साधावा.'

म्हणजे आज हे आत आहेत ते केवळ कधी बाहेर आले नाहीत म्हणून. एकदा दार लागलं की त्या याद्या गेल्या. ह्यांच्याकडे स्वतःचं म्हणून हल्ली तेवढंच आहे. सकाळी उठून हे तिसऱ्या ओळीवर माऊस नेतात की आणखी कुठे, त्यावरून मला कळतं की आज मन कसं आहे.

सगळ्यांना मी 'बरे आहेत' सांगत आले. आधी वाटायचं, होतीलच, मग कशाला घाबरवा. पुढे तेच सांगायची सवय लागली. फोन नको म्हटलं तेही त्यासाठीच. तू म्हणाला असतास, जरा भावोजींकडे दे.

ताई


७ फेब्रुवारी

ताई,

वाय दाबलं नाहीस, फार बरं केलंस. पत्र वाचलं तेव्हा मी कचेरीत होतो. समोर एक जण प्रिंटर घेऊन उभा होता, त्याला मी उद्या ये म्हणालो.

मी इथे माझ्या संगणकावर 'लिफ्ट मास्तर' नावाचं खातं उघडलं, तेच ॲप घातलं आणि फाईल त्यावर चालवून पाहिली. आता ती सर्वांत आधी लॉगिनची प्रत वेगळ्या जागी ठेवते. मग ॲप आणि राखणदार दोघांनाही घड्याळाशेजारून उठवते. त्यानंतर फक्त जाहिरातींच्या कप्प्याला हात लावते. दुसऱ्या कशालाही नाही. कुठेही वाय विचारणार नाही. तरी भीती वाटली तर चालवू नकोस, मला कळव.

चहाच्या घोटाबद्दल लिहिलं ते विसरून जा.

मी येऊ का?

भुंग्या


९ फेब्रुवारी

भुंग्या,

चालली. चौकोन गेला, आवाज गेला, याद्या जागच्या जागी आहेत. सकाळपासून नुसती गाणी. हे अगदी शांत बसलेत, एक थाप नाही. मी दुपारपर्यंत दोन अख्ख्या कवळ्या पुऱ्या केल्या. कित्येक दिवसांत खोलीत इतकी शांतता नव्हती. तुला शाबासकी कशी द्यावी कळत नाही.

एवढ्यात येऊ नकोस. आलास की तू ह्यांच्याशी बोलशील, मग उत्तरासाठी थांबशील, मग उत्तर येत नाही हे तुझ्या लक्षात येईल. त्या थांबण्यात ह्यांचं तोंड कसं होतं ते मी पुष्कळदा पाहिलंय.

ताई


२ मार्च

परत आल्या. ॲपने स्वतःला अपडेट केलं म्हणे.

ताई


३ मार्च

नवी जोडली आहे.

भुंग्या


१७ मार्च

परत.

ताई


१८ मार्च

ताई,

ही चालव. आणि आता असं केलंय की संगणक चालू झाला की फाईल आपली आपण चालेल, तुला रोज उजवं बटण दाबायला नको. तुझे हात कवळ्यांच्या प्लास्टरने भरलेले असतात, माहीत आहे मला.

भावोजी कसे आहेत? 'बरे' सोडून काहीही लिही.

भुंग्या


२० मार्च

भुंग्या,

शांत आहेत. जरा जास्तच. गाणी लावतात आणि खिडकीबाहेर बघत बसतात. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, मधे थोडी आशा वाटत होती, आता पुन्हा सगळं थांबलंय. असं चालायचंच, म्हणाल्या. त्याही दमल्यात बहुतेक. मी काही विचारलं नाही.

ताई


२१ एप्रिल

भुंग्या,

हे पत्र मिळाल्याबरोबर वाच. सगळं नीट सांगते, मधे घाई करू नकोस.

काल सकाळी बाई येणार नव्हत्या, त्यामुळे मी घरीच होते. संगणक चालू झाल्यावर थोड्या वेळाने ॲपने पुन्हा स्वतःला नवं करून घेतलं असणार, कारण दोन गाण्यांनंतर जाहिरात लागली. गाद्यांची. एक पुरुषी आवाज संथपणे म्हणतो, 'पाठ टेका, बाकी आमच्यावर सोडा.' मी वाटीत प्लास्टर कालवत होते. ते एकदा कालवलं की घट्ट व्हायचं थांबत नाही, म्हणून मी मनात म्हटलं, आधी माप ओतते, मग बघते. तेवढ्यात तेच वाक्य मला पुन्हा ऐकू आलं, जरासं मागून, घोगरं. वाटलं, दोन स्पीकर मागेपुढे वाजताहेत.

मी वळून पाहिलं. हे डाव्या हाताने टेबलावर थापा मारत होते आणि प्रत्येक थापेबरोबर एकेक तुकडा तोंडातून काढत होते. 'आम. च्या. वर. सोडा.'

मी जागची हलले नाही. हलले असते तर थांबले असते. पुढचं गाणं लागलं. ते ह्यांनी ऐकलंच नाही, नुसते वाट बघत बसले. मग पुन्हा तीच गादी आली आणि या खेपेला हे आवाजाच्या बरोबरीने म्हणाले, सबंध. 'बाकी आमच्यावर सोडा.' वाटीतलं प्लास्टर दगड झालं. वाटीसकट टाकून दिलं.

आज बाई आल्या तेव्हा मी बाहेर गेले नाही. त्यांना सांगितलं. त्या खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, 'अहो, थापा मीच शिकवल्यात. डाव्या हाताने ताल धरायचा आणि तालावर शब्द काढायचा. जानेवारीत ते बोलण्याच्या अगदी काठावर आले होते. फेब्रुवारीत काय बिनसलं ते मला कळेना.' मी विचारलं, मग एवढी गाणी ऐकतात, ती का नाही म्हणत? तर म्हणाल्या, 'गाणं फार लांब असतं, शब्द हाती येईपर्यंत पुढे निघून जातो. जाहिरातीत एकच छोटं वाक्य, स्वच्छ, आणि तेच तेच. आम्ही दुसरं काय करतो?'

फेब्रुवारीत काय बिनसलं ते मला माहीत होतं. मी ह्यांच्या तोंडचा घास काढून घेत होते आणि वर तुला शाबासकी देत होते. तो लाल चेहरा, ते हुंकार. मला वाटलं, त्रास होतोय. त्रास मलाच होत होता.

आणि आता ऐक. आज सकाळी संगणक चालू केला तशी तुझी फाईल आपली आपण चालली. मला थांबवायला जमलंच नाही. हे टेबलावर हात ठेवून बसलेत. गाण्यामागून गाणी येताहेत आणि हे वाट बघताहेत. मी फाईल शोधून पुसून टाकली, तरी जाहिरात येत नाही.

तुझी फाईल घेणाऱ्या त्या सगळ्या लोकांच्या रगाड्यात माझं हे उलटंच काम, पण आता तो दगड खुर्चीवरून काढ.

ताई


२२ एप्रिल

ताई,

फाईल पुसली तरी तिने ठेवलेला दगड जागेवरच असतो. त्याला कुलूपही मीच असं लावलं होतं की ॲपलाच काय, तुलाही हलवता येऊ नये. सोबतची फाईल ते कुलूप काढते, दगड उचलते, आणि संगणक सुरू होताना चालायची सवय मोडते. उजवं बटण, ॲडमिनिस्ट्रेटर. मी माझ्या 'लिफ्ट मास्तर'वर आधी चालवून पाहिली. पहिली जाहिरात लागली तेव्हा मीच टेबलावर थाप मारली.

आता लोकांबद्दल. लोक कुठले, ताई? फाईल वाटायचं माझं इंटरनेटवरचं पान मी गेल्या वर्षीच बंद केलं. फुकट द्यायचं, कुणाचं काही बिघडलं की शिव्या खायच्या, आणि दर अपडेटला पहिल्यापासून सुरुवात. जानेवारीत तुझं पत्र आलं तेव्हा जुनी फाईल चालतच नव्हती. मी नव्याने लिहायला बसलो. तेव्हापासून प्रत्येक फाईल एकाच संगणकासाठी लिहिली. बोललो नाही, कारण तू म्हणाली असतीस, 'जाऊ दे मग.' आणि मला ते जाऊ द्यायचं नव्हतं. कचेरीत मी जे दुरुस्त करतो ते कुणाला हवंच असतं असं नाही. हे कुणालातरी हवं होतं.

चाललं तेही इतकं चोख की त्यानेच घात केला. याचं मला वाईट वाटतंय, पण तू थापा ऐकून थापाच समजलीस त्यात तुझा दोष नाही. मी तर न ऐकताच औषध दिलं.

जाहिराती लागल्या की एका ओळीत कळव.

भुंग्या


२४ एप्रिल

भुंग्या,

लागल्या.

गादी मात्र गेली. आता भिंतीच्या रंगाची आहे आणि विम्याची. विम्याची बाई फार भरभर बोलते, ती ह्यांना झेपत नाही, तिच्यावर चिडतात. रंगवाला चांगला आहे. दुपारी 'घर खुलवा' म्हणाले. बाई म्हणतात, ह्याला बोलणं म्हणायचं नाही अजून. नुसते शब्द परत देणं आहे, अर्थ धरून बोलायला वेळ लागेल, कदाचित येणारही नाही. त्यांनी ते सरळ सांगितलं हे मला बरं वाटलं. माझं खोटं पुष्कळ बोलून झालंय.

'जाऊ दे मग' मी म्हणालेच असते. तू ओळखतोस मला.

आता ये, जमेल तेव्हा. उत्तरासाठी थांबलास तरी चालेल.

ताई


१९ जुलै

प्रिय भुंग्या,

तू जाऊन महिना होत आला आणि मी आज लिहितेय. मधे कामाचा ढीग पडला होता. एका डॉक्टरने अख्ख्या वृद्धाश्रमाची मापं एकदम पाठवली.

तू दारात उभा राहिलास आणि हे 'आजच भेट द्या' म्हणाले, तेव्हा तू हसलास आणि मग तोंड धुवायला म्हणून मोरीत गेलास. किती वेळ धुत होतास ते ह्यांनीही पाहिलं. तू गेल्यावर दोन दिवस तुझ्या खुर्चीवर कुणाला बसू देत नव्हते. म्हणजे मलाच, दुसरं आहे कोण.

जाहिराती चालूच आहेत. आता सगळ्या मला पाठ आहेत. कवळी घासता घासता मीही म्हणते. ह्यांनी दहा-बारा वाक्यं जमवलीत आणि ती कुठेही वापरतात. भूक लागली की 'मर्यादित साठा'. वीज गेली तेव्हा 'नियम व अटी लागू' म्हणाले आणि दोघंही हसत बसलो. ते नुसतं जुळून आलं, की ह्यांना तेच म्हणायचं होतं, कोण जाणे. बाई म्हणतात, खोदून विचारू नका.

गेल्या आठवड्यापासून मात्र एकच जाहिरात येतेय, फरशी पुसायच्या कसल्याशा द्रावणाची. एका बाळाचं रडणं, मग शिट्टी, मग एक बाई किंचाळते. दर दोन गाण्यांनंतर. माझं डोकं उठलं होतं, पण मी बोलले नाही. म्हटलं, ह्यांना उपयोग होतोय, तर आपण सोसायचं. ह्यांनी आधी एकदोनदा ताल धरून पाहिला. मग हात मांडीवर ठेवून नुसते बसायला लागले.

काल सकाळी मी मेणात दात लावत होते. तिसऱ्या ओळीतलं ह्यांचं आवडतं गाणं संपलं आणि ते बाळ रडायला लागलं. ह्यांनी टेबलावर थाप मारली. एकच, तालाची नव्हे. आणि म्हणाले, 'बंद कर ते.'

मी हातातला दात तसाच धरून बसले. डोक्यातल्या सगळ्या जाहिराती भराभर चाळल्या. गादी, रंग, विमा, केस, भेट द्या, साठा. कशातच 'बंद कर' नव्हतं. असणार कसं? कुठला जाहिरातवाला असं सांगेल?

मग मी काय केलं माहीत आहे? ऐकू न आल्यासारखं केलं. खाली मान घालून मेण खरवडत राहिले. वाईटपणा आहे, पण केला. ह्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. दम घेतला. चेहरा लाल झाला तसाच, जानेवारीसारखा, आणि या वेळी मी नीट पाहिला.

'अगं,' म्हणाले, 'बंद कर ते.'

'अगं' तर कुठेच नसतं, भुंग्या. ते फक्त मला आहे.

मी उठले आणि स्पीकरचं बटण फिरवलं. बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी ते वाक्य आपल्या कागदावर उतरवून घेतलं आणि खाली रेघ मारली. म्हणाल्या, हे त्यांचं स्वतःचं. रोज येईलच असं धरून चालू नका. आज अजून आलेलं नाही. मी धरून चाललेले नाही.

तेव्हा फाईल पाठव. जाहिराती काढणारी, कुलूपवाली. खातेदाराने स्वतः संपर्क साधलाय, असं समज.

पण लगेच पाठवू नकोस. चार दिवस चिडू देत.

तुझी,
ताई